स्क्रूचा कारखाना ते म्युनिक करार: घरच्या धंद्याने नेव्हिल चेंबरलेन यांचं राजकारण कसं घडवलं?

२९ सप्टेंबर १९३८. जर्मनीतल्या म्युनिक शहरात चार देशांचे नेते एकत्र बसले होते. जर्मनीचा हिटलर, इटलीचा मुसोलिनी, फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए आणि ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन. विषय होता चेकोस्लोव्हाकियाचा. त्या देशाच्या सीमेवरचा सुडेटनलँड हा जर्मनभाषक बहुसंख्येचा पट्टा हिटलरला हवा होता. युद्ध टाळायचं तर तो देऊन टाकायचा, हे बैठकीआधीच जवळपास ठरलं होतं. ज्यांचा मुलूख जाणार होता, त्या चेक प्रतिनिधींना मात्र बैठकीत जागा नव्हती.

त्या बैठकीत चेंबरलेन यांनी एक मुद्दा लावून धरला. जो प्रदेश जर्मनीकडे जाईल, तिथल्या चेक सरकारच्या इमारतींची आणि मालमत्तेची भरपाई कोण देणार? घरदार सोडून निघणाऱ्या शेतकऱ्यांना आपली गुरं बरोबर नेता येतील का? या प्रश्नांनी हिटलरचा संयम सुटला. असल्या तपशिलांवर वेळ घालवायची त्याची तयारी नव्हती.

एक देश मोडला जात असताना चेंबरलेन यांना गुराढोरांचा हिशेब का आठवला? हा त्यांचा भित्रेपणा होता की भोळेपणा? इतिहासात त्यांच्यावर दोन्ही शिक्के बसले आहेत. पण त्यांचं आधीचं आयुष्य पाहिलं तर आणखी एक उत्तर मिळतं. वयाच्या ४९व्या वर्षी खासदार होईपर्यंत हा माणूस धंदा करत होता. वाटाघाटी, करारपत्र, भरपाई, सही ही त्याची रोजची भाषा होती. तीच भाषा घेऊन तो म्युनिकला गेला.

स्क्रूने उभं केलेलं घराणं

चेंबरलेन घराणं मूळचं लंडनचं, बूट-चपलांच्या व्यापारातलं. १८५४ मध्ये नेव्हिल यांचे वडील जोसेफ चेंबरलेन यांना वयाच्या १८व्या वर्षी बर्मिंगहॅमला पाठवण्यात आलं. तिथे त्यांचे नातेवाईक जॉन नेटलफोल्ड लाकडात बसवायचे स्क्रू बनवत. नेटलफोल्ड यांनी एका अमेरिकन यंत्राचे हक्क विकत घेतले होते. हे यंत्र टोकदार स्क्रू बनवायचं. तोवर स्क्रूचं टोक बोथट असे आणि सुताराला आधी भोक पाडून मग तो बसवावा लागे. टोकदार स्क्रू थेट लाकडात शिरायचा. बाजार उलटापालटा करणारी ही गोष्ट होती, पण त्यासाठी ३० हजार पौंड लागणार होते. त्यातले १० हजार जोसेफ यांच्या वडिलांनी घातले आणि त्या पैशांवर लक्ष ठेवायला मुलाला धाडलं.

जोसेफ यांनी विक्री आणि हिशेब हातात घेतले. पुढच्या वीस वर्षांत या कंपनीने लहानसहान प्रतिस्पर्धी एक तर विकत घेतले, नाही तर बाजारातून हटवले. १८७४ मध्ये, अवघ्या ३८व्या वर्षी, जोसेफ सुमारे १ लाख २० हजार पौंड घेऊन धंद्यातून बाहेर पडले आणि पूर्णवेळ राजकारणात आले. पुढे ही कंपनी इतर दोन उद्योगांत मिसळून १९०२ मध्ये जीकेएन झाली. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकले गेलेले जीकेडब्ल्यूचे स्क्रू आठवत असतील, तर ते याच घराण्यातल्या उद्योगाचं भारतातलं रूप.

बर्मिंगहॅममधली अशी घराणी एकमेकांशी घट्ट बांधलेली होती. चेंबरलेन, नेटलफोल्ड, केनरिक ही सगळी युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाची. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या अशा पंथांना जुन्या विद्यापीठांची दारं बराच काळ बंद होती. त्यामुळे त्यांची हुशार मुलं कारखानदारीकडे वळली. आपसातच लग्नं व्हायची, भागीदाऱ्याही आपसातच. नेव्हिल यांची आई फ्लोरेन्स ही केनरिक घराण्यातली. केनरिक लोखंडी भांडी बनवायचे. म्हणजे नेव्हिल यांच्या दोन्ही बाजूंना कारखानेच होते.

या घराण्यांत एक समजूत पक्की होती. ज्या शहराने आपल्याला पैसा दिला, त्या शहराचा कारभार आपण चांगला चालवून दाखवायचा. जोसेफ १८७३ मध्ये बर्मिंगहॅमचे महापौर झाले. त्यांनी गॅस पुरवणाऱ्या खासगी कंपन्या शहरासाठी विकत घेतल्या आणि नफा पालिकेच्या तिजोरीत वळवला. पाणीपुरवठाही पालिकेकडे घेतला. मध्यवस्तीतल्या गलिच्छ वस्त्या पाडून नवा रुंद रस्ता काढला. शहर नीट चालवलं तर लोकांचं भलंही होतं आणि हिशेबही जमतो, हे त्या घरातल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलं.

थोरल्याला राजकारण, धाकट्याला धंदा

नेव्हिल यांचा जन्म १८ मार्च १८६९ चा. ते पाच वर्षांचे असतानाच आई बाळंतपणात गेली. वडील लवकरच लंडनच्या राजकारणात गुंतले. घरात सावत्र मोठा भाऊ होता, ऑस्टेन.

जोसेफ यांनी दोन मुलांची वाटणी करून टाकली होती. ऑस्टेन राजकारणात जाणार, म्हणून त्यांना केंब्रिजला पाठवलं. मग पॅरिस आणि बर्लिनला राहून तिथलं राजकारण समजून घ्यायला सांगितलं. नेव्हिल यांनी घराण्यासाठी पैसा कमवायचा. त्यांना बर्मिंगहॅमच्याच मेसन कॉलेजात धातुशास्त्र आणि इंजिनीअरिंग शिकायला घातलं. त्यानंतर एका हिशेबनिसांच्या फर्ममध्ये उमेदवारीला बसवलं.

म्हणजे भविष्यात पंतप्रधान होणारा मुलगा तरुणपणी ताळेबंद वाचायला शिकत होता आणि जो कधीच पंतप्रधान झाला नाही तो बर्लिनमध्ये व्याख्यानं ऐकत होता. ही वाटणी लक्षात ठेवा. तिचा परिणाम पन्नास वर्षांनी दिसणार आहे.

बेटावरची सहा वर्षं

१८९० च्या सुमारास जोसेफ यांच्या गुंतवणुकी गडगडू लागल्या. त्याच वर्षी त्यांची गाठ बहामा बेटांच्या गव्हर्नरशी पडली. त्याने घायपाताच्या लागवडीची कल्पना सुचवली. घायपात म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारी लांब, काटेरी पानांची वनस्पती. तिच्या सिसल या जातीच्या पानांतून निघणाऱ्या धाग्याचे दोरखंड होतात. त्या काळी त्याला चांगला भाव होता.

१८९१ मध्ये २२ वर्षांच्या नेव्हिल यांना बहामातल्या अँड्रोस बेटावर पाठवण्यात आलं. २० हजार एकर जमीन घेतली होती. बेटावर गोऱ्या लोकांची सोबत जवळपास नव्हती. जंगल तोडायचं, रोपं लावायची, रूळ टाकायचे, धक्का बांधायचा, मजुरांचे पगार वाटायचे, त्यांच्यासाठी दुकान चालवायचं. सगळं या तरुणाच्या अंगावर.

झाडं मात्र नीट वाढेनात. बेट चुनखडकाचं, वर मातीचा पातळ थर. जो धागा निघाला त्याचा बाजारभावही घसरला. तरी नेव्हिल माघार घेत नव्हते. पुढच्या वर्षी जमेल, आणखी थोडी लागवड करू, असं करत सहा वर्षं गेली. १८९७ मध्ये मळा बंद झाला. वडिलांचे सुमारे ५० हजार पौंड बुडाले.

या सहा वर्षांनी नेव्हिल यांना कष्टाची सवय लावली आणि एकट्याने निर्णय घ्यायचीही. सल्लागारांची वाट न पाहता स्वतः जाऊन पाहायचं, स्वतः बोलायचं आणि एकदा हाती घेतलं की सोडायचं नाही. अपयशाची बोच त्यांच्या मनात कायम राहिली. पण बुडती गोष्ट वेळेत सोडून द्यावी, हा धडा त्यांनी घेतला की नाही, हे सांगणं कठीण आहे. पुढच्या आयुष्यात त्यांनी हाती घेतलेली धोरणं सहजासहजी सोडली नाहीत, एवढं मात्र दिसतं.

जहाजातल्या खाटा, बंदुका आणि सायकली

बर्मिंगहॅमला परतल्यावर नातेवाइकांच्या मदतीने नेव्हिल यांनी हॉस्किन्स ही कंपनी घेतली. ती जहाजांच्या केबिनमध्ये बसवायच्या धातूच्या खाटा बनवायची. ते स्वतः कारखान्यात फिरत, ऑर्डरी मिळवायला बंदरांवर जात. कामगारांना नावानिशी ओळखत. कामगारांसाठी दवाखाना, उत्पादनावर बोनस अशा गोष्टी त्यांनी सुरू केल्या. त्यांच्या कारखान्यात संपाचा भडका उडाला नाही, याचा त्यांना अभिमान होता.

धातूच्या दुसऱ्या एका कंपनीतही ते संचालक होते. आणि बीएसएच्या संचालक मंडळावरही होते. बीएसए म्हटलं की आपल्याला सायकल आठवते. पण या नावातला शेवटचा ए म्हणजे शस्त्रं. बर्मिंगहॅमची ही कंपनी मुळात बंदुका बनवायची आणि बंदुकांना मागणी नसे तेव्हा सायकली आणि मोटारसायकली. युद्ध आणि शांतता यांचा कारखान्याच्या ताळेबंदावर काय परिणाम होतो, हे नेव्हिल यांनी संचालकांच्या टेबलावर बसून पाहिलं होतं.

या जगाचे काही नियम होते. समोरचा माणूस प्रतिस्पर्धी असला तरी त्याला तोटा नको असतो. भांडण कितीही टोकाला गेलं तरी कुठल्या तरी आकड्यावर तडजोड होते. आणि सही केलेला कागद पाळायचा असतो, कारण न पाळणाऱ्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नाही. बर्मिंगहॅमसारख्या, सगळे एकमेकांना ओळखणाऱ्या शहरात हे नियम खरोखरच चालायचे.

पालिकेची बँक

१९११ मध्ये नेव्हिल यांनी ॲन कोल यांच्याशी लग्न केलं आणि त्याच वर्षी ते नगरसेवक झाले. त्यांच्याकडे नगररचनेचं काम आलं. चार वर्षांत, पहिलं महायुद्ध सुरू असताना, ते वडिलांप्रमाणेच शहराचे महापौर झाले.

त्यांच्या डोक्यातली सगळ्यात आवडती योजना होती पालिकेच्या बचत बँकेची. युद्धामुळे कारखान्यांत काम भरपूर होतं, कामगारांच्या हातात पहिल्यांदाच चार पैसे शिल्लक राहत होते. नेव्हिल यांचं म्हणणं असं, की ही बचत शहराने सांभाळावी आणि तिच्यामागे पालिकेची हमी असावी. खासगी बँकांचा याला विरोध होता, लंडनचं अर्थखातंही फारसं राजी नव्हतं. तरी १९१६ मध्ये बँक सुरू झाली. युद्धानंतर ती कायमस्वरूपी झाली आणि कामगारांना घरासाठी कर्जही देऊ लागली.

या बँकेत नेव्हिल यांचा सगळा राजकीय विचार सापडतो. गरिबांना दान द्यायचं नाही, पण त्यांना वाऱ्यावरही सोडायचं नाही. सरकारने अशी व्यवस्था उभी करायची की माणूस स्वतःच्या पैशाने सुरक्षित होईल. आणि ती व्यवस्था तोट्यात चालता कामा नये.

या यशामुळे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी डिसेंबर १९१६ मध्ये त्यांना लंडनला बोलावलं आणि युद्धकाळात मनुष्यबळ उभारायच्या खात्याचं प्रमुख केलं. पण अधिकार काय, माणसं किती, इतर खात्यांशी संबंध कसा, काहीच ठरलं नव्हतं. आठ महिन्यांत नेव्हिल यांनी राजीनामा दिला. लॉइड जॉर्ज यांच्याशी त्यांचं वैर जन्मभर टिकलं. भाषणबाजीवर चालणाऱ्या राजकारण्यांबद्दल कारखानदाराच्या मनात असते तशी अढी त्यांच्या मनात बसली.

हिशेबी सुधारक

१९१८ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या लेडीवूड भागातून हुजूर पक्षाचे खासदार झाले. १९२४ मध्ये याच जागेवर ऑस्वल्ड मोस्ली यांच्याविरुद्ध ते फक्त ७७ मतांनी वाचले. त्यानंतर पाच वर्षं आरोग्यमंत्री राहिले. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये या खात्याकडे घरबांधणी आणि स्थानिक कारभारही असे.

खातं हातात येताच त्यांनी पुढच्या काही वर्षांत आणायच्या २५ विधेयकांची यादी मंत्रिमंडळापुढे ठेवली. कारखान्याचं वर्षाचं उत्पादन ठरवावं तशी. त्यातली बहुतेक मंजूर करून घेतली. १९२५ मध्ये विधवा, अनाथ आणि वृद्ध यांच्यासाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. त्यात कामगार आणि मालक दोघांनीही हप्ता भरायचा होता. १९२९ मध्ये गरिबांना मदत देणारी जुनी, बदनाम मंडळं बरखास्त करून ते काम निवडून आलेल्या स्थानिक संस्थांकडे दिलं.

ब्रिटनमधल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात या कायद्यांनी खरा फरक पडला. तरी मजूर पक्षाचे खासदार त्यांच्यावर चिडून असत. कारण नेव्हिल गरिबीबद्दल बोलताना मुनीमाने खतावणी वाचावी तसं बोलत. विरोधकांच्या भाषणातल्या आकड्यांच्या चुका काढत. समोरच्या बाकावरचा माणूस खाणीतून किंवा गिरणीतून आलेला आहे आणि त्याला आकड्यांपेक्षा मान हवा आहे, हे त्यांच्या लक्षात येत नसे किंवा त्याची त्यांना पर्वा नसे. १९४० मध्ये याची किंमत त्यांना मोजावी लागली.

वडिलांचं अपुरं राहिलेलं काम

स्वस्त परदेशी मालामुळे बर्मिंगहॅमचे कारखाने अडचणीत येत होते, तेव्हा जोसेफ यांनी आयात मालावर जकात बसवायची मोहीम काढली होती. त्यासाठी १९०३ मध्ये मंत्रिपद सोडलं, पक्ष फुटला, पण मोहीम यशस्वी झाली नाही. खुल्या व्यापारावर श्रद्धा असलेल्या देशाला ती पटली नाही. १९०६ मध्ये जोसेफ यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९१४ मध्ये ते वारले.

१९३१ मध्ये जागतिक मंदीच्या काळात नेव्हिल अर्थमंत्री झाले. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्यांनी बहुतेक आयात मालावर १० टक्के जकात बसवणारा कायदा आणला. संसदेत तो मांडताना त्यांनी वडिलांची आठवण काढली. ऑस्टेन समोर बसलेले होते. थोरला मुलगा राजकारणासाठी तयार झाला आणि वडिलांचं राजकीय काम पूर्ण केलं धंद्यासाठी वाढवलेल्या धाकट्याने.

याचा धागा भारतापर्यंतही आला. त्याच वर्षी कॅनडातल्या ओटावा परिषदेत साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांच्या मालाला सवलत द्यायचं ठरलं. त्यानुसार ब्रिटिश मालाला भारतात कमी जकात लागू झाली. बर्मिंगहॅमच्या कारखानदाराला जी सोय वाटत होती, ती इथल्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांना लादलेली अट वाटली. साम्राज्य म्हणजे एकच मोठी पेढी, असं मानलं तर कुणी तरी मालक असतो आणि कुणी तरी नोकर.

मग नेव्हिल हे उद्योगपतींच्या तालावर चालणारे होते का? तसंही नाही. १९३७ मध्ये शस्त्रनिर्मितीवरचा खर्च वाढला, तेव्हा कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर जादा कर लावायचा प्रस्ताव त्यांनी आणला. युद्धाच्या तयारीतून काहींनी गडगंज व्हावं आणि कामगारांनी ते बघत बसावं, हे त्यांना धोक्याचं वाटत होतं. शेअर बाजार कोसळला, उद्योगजगताने गदारोळ केला. शेवटी तो कर मागे घेऊन सर्व नफ्यावर सरसकट ५ टक्के कर आला. धंद्याची पार्श्वभूमी माणसाला धंदेवाल्यांचा हस्तक बनवतेच असं नाही. ती जास्त खोलवर काम करते. जग कसं चालतं, याबद्दलची समजूत ती घडवते.

सौदा करायला निघालेले पंतप्रधान

२८ मे १९३७ रोजी, ६८व्या वर्षी, नेव्हिल पंतप्रधान झाले. परराष्ट्र खातं त्यांना गचाळ चालवलेल्या कचेरीसारखं वाटायचं. मुत्सद्दी नुसते अहवाल पाठवतात, समोरच्याला नक्की काय हवं ते कुणी विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी मतभेदांमुळे राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात हिटलरने ऑस्ट्रिया गिळला.

नेव्हिल यांचा सगळ्यात विश्वासू सल्लागार होता सर होरेस विल्सन. हा सनदी अधिकारी मुत्सद्दी नव्हता. त्याची हयात गेली होती मालक आणि कामगार संघटनांमधले तंटे मिटवण्यात. सप्टेंबर १९३८ मध्ये चर्चा फिसकटायला आली, तेव्हा नेव्हिल यांनी हिटलरकडे दूत म्हणून याच माणसाला पाठवलं.

त्या महिन्यात ते स्वतः तीनदा विमानाने जर्मनीला गेले. आज याचं काही वाटणार नाही. पण तेव्हा ब्रिटिश पंतप्रधानाने असं उठून दुसऱ्या देशाच्या प्रमुखाच्या दारात जाणं अजब होतं. बंदरावर जाऊन थेट गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या कारखानदाराला त्यात काहीच अजब नव्हतं.

दुसऱ्या भेटीत, गोडेसबर्ग इथे, हिटलरने आधी कबूल केलेल्यापेक्षा जास्त मागण्या पुढे केल्या. बर्मिंगहॅमच्या बाजारात असं करणाऱ्याचं नाव कायमचं खराब झालं असतं. नेव्हिल हादरले, पण उठून गेले नाहीत. म्युनिकमध्ये करार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिटलरच्या घरी गेले आणि ब्रिटन व जर्मनी आपसातले प्रश्न चर्चेनेच सोडवतील अशा आशयाच्या एका छोट्या कागदावर त्याची सही घेतली. लंडनच्या विमानतळावर तोच कागद त्यांनी गर्दीपुढे फडकवला. लोकांनी जल्लोष केला.

हिटलरला इथे तोटा टाळायचाच नव्हता, ही गोष्ट नेव्हिल यांच्या हिशेबात बसत नव्हती. त्याला युद्ध हवं होतं. त्याच्या दृष्टीने सही ही वेळ काढायची युक्ती होती. त्याला बाजारातल्या नावाची चिंता नव्हती, कारण तो बाजारच मोडायला निघाला होता. ज्या मुद्द्यावर सौदा होतो त्या मुद्द्यापलीकडे समोरच्याला काही हवं असेल, तर उत्तम सौदागरही फसतो.

त्याच उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरू युरोपात होते. ते प्रागला जाऊन आले होते आणि ब्रिटिश सरकारच्या धोरणावर त्यांनी इंग्लंडच्या वृत्तपत्रात पत्र लिहून टीका केली. साम्राज्याच्या दारात उभं राहून वर्षानुवर्षं आश्वासनं ऐकलेल्या माणसाला, ताकदवानाने केलेली सही किती भरवशाची असते, याची कल्पना जास्त असावी.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. दोन दिवसांनी, सत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नेव्हिल यांनी आपल्याच बर्मिंगहॅममध्ये भाषण करून हिटलरने शब्द मोडल्याचं जाहीरपणे सांगितलं. मार्च संपायच्या आत ब्रिटनने पोलंडला संरक्षणाची हमी दिली. ३ सप्टेंबरला युद्ध पुकारलं गेलं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यात मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळही होतं.

सगळा दोष धंद्याचाच का?

इथे थोडं थांबायला हवं. एका माणसाच्या निर्णयामागे एकच कारण नसतं. पहिल्या महायुद्धात नेव्हिल यांचा जिवलग चुलतभाऊ नॉर्मन मारला गेला होता. ती जखम भरली नव्हती. १९३८ मध्ये ब्रिटिश जनतेला युद्ध नको होतं. हवाई दलाकडे आधुनिक लढाऊ विमानं मोजकीच होती आणि रडारची साखळी अपुरी होती. म्युनिकनंतर मिळालेल्या वर्षात ब्रिटनची हवाई ताकद वाढली, हेही खरं. अर्थमंत्री असल्यापासून हवाई दलाला झुकतं माप देणारे नेव्हिलच होते. अर्थात त्याच वर्षात जर्मनीनेही तयारी केली आणि चेक सैन्य व तिथले शस्त्रांचे कारखाने आयते मिळवले, असं टीकाकार दाखवून देतात.

शिवाय एकाच धंद्यातून वेगवेगळी माणसं निघतात. त्याच स्क्रूच्या पैशावर जोसेफ यांचं राजकारण उभं राहिलं. पण वसाहतमंत्री म्हणून ते दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धापर्यंत गेले. प्रतिस्पर्ध्याला बाजारातून हटवण्याचा धडा त्यांनी घेतला, समेटाचा धडा मुलाने घेतला.

आणि ऑस्टेन? धंद्याचा अनुभव नसलेल्या, तरुणपणी बर्लिनमध्ये राहिलेल्या या भावाने परराष्ट्रमंत्री म्हणून १९२५ चा लोकार्नो करार घडवला. त्यासाठी त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. म्हणजे वाटाघाटी त्यांनाही येत होत्या. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी संसदेत नव्या जर्मनीच्या वृत्तीबद्दल इशारा दिला. नेव्हिल पंतप्रधान व्हायच्या दोन महिने आधी ते वारले. वडिलांनी केलेल्या वाटणीत जर्मनीची ओळख एका मुलाच्या वाट्याला आली होती आणि १९३८ मध्ये निर्णय दुसऱ्याच्या हातात होता.

अखेर

मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या पराभवावरून संसदेत वादळी चर्चा झाली. सगळ्यात घणाघाती भाषण केलं लिओ अमेरी यांनी. ते नेव्हिल यांच्याच पक्षाचे, बर्मिंगहॅमचेच खासदार आणि जोसेफ यांच्या जकात मोहिमेचे जुने पाईक. हेच अमेरी काही दिवसांत भारतमंत्री झाले. मतदानात सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनी तरलं, पण स्वपक्षातलेच अनेक जण उलटले होते. सर्व पक्षांचं सरकार बनवायचं तर मजूर पक्ष हवा होता आणि तो नेव्हिल यांच्या हाताखाली यायला तयार नव्हता. वर्षानुवर्षं केलेल्या अपमानाचा हिशेब मजूर पक्षाने चुकता केला. १० मे रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि चर्चिल पंतप्रधान झाले.

नेव्हिल रुसून घरी बसले नाहीत. ते चर्चिल यांच्या युद्ध मंत्रिमंडळात राहिले. फ्रान्स कोसळत असताना जर्मनीशी तहाची बोलणी करावी का, असा प्रश्न आला, तेव्हा अखेरीस ते चर्चिल यांच्या बाजूने उभे राहिले. या वेळी समोरच्या पक्षाशी व्यवहार होऊ शकत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण आतड्याच्या कर्करोगाने शरीर पोखरलं होतं. ९ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचं निधन झालं.

म्युनिकच्या कागदाला साडेपाच महिनेच अर्थ होता. बर्मिंगहॅममध्ये त्यांनी काढलेली पालिकेची बँक मात्र १९७६ पर्यंत, म्हणजे साठ वर्षं, त्या शहरातल्या कामगारांचे पैसे सांभाळत राहिली. दोन्हींमागे डोकं एकच होतं आणि पद्धतही एकच. बँकेत समोर उभा असलेला कामगार आपला शब्द पाळणारा होता.